मागचं आवरणं

तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये सुट्टीवर पुण्याला आलो होतो. आखाड संपत आला होता. श्रावण लागायच्या आत एक मटणाचा रविवार व्हायलाच हवा, म्हणून दोन कोर्समेटना सहकुटुंब जेवायला बोलावलं आणि मटण मी करणार हे जाहीर करून टाकलं. आमच्या घरात मटण हा माझा प्रांत. कांदा-खोबरं भाजलं, मिक्सरची दोन भांडी भरून वाटण केलं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि सुकं. मंडळींनी बोटं चाटली. एक मित्र बायकोला म्हणाला, "वहिनी, नशीबवान आहात!" ती हसली. अकरा वाजता पाहुणे गेले आणि मी विजयी वीरासारखा झोपायला गेलो.

साडेबाराला पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरातला दिवा चालू होता. बायको सिंकपाशी उभी राहून बुडाला लागलेली कढई घासत होती. ओट्यावर हळदीचे डाग, शेगडीवर तेलाचा थर, भिंतीवर रश्शाचे शिंतोडे, मिक्सरची भांडी तशीच वाळलेली. तिची शाळा सकाळी सातला. मी म्हणालो, "राहू दे ना, सकाळी बाई येतील." ती मागे न बघता म्हणाली, "बाई उद्या येणार नाहीयेत. आणि डबे कुठे करू सकाळी? या पसाऱ्यात?"

मी पाणी प्यायलो आणि परत झोपलो. हे लिहायला आज लाज वाटते, पण झालं तसं सांगतोय.

पुढच्या सुट्टीत मी उत्साहाने विचारलं, "रविवारी मटण करू?" ती म्हणाली, "नको, बाहेर जाऊ या. तू केलंस की मला ते दोन दिवस पुरतं."

दोन दशकांच्या नोकरीत माझ्या कामावर बरेच शेरे बसलेत. इतका नेमका शेरा कुठल्याच वरिष्ठाने मारलेला नाही.

आपल्या बायकांच्या बोलण्यात एक शब्द असतो: 'मागचं'. "स्वयंपाक झाला, पण मागचं आवरायचंय." रांधणं हे पुढचं. ते दिसतं, त्याचा वास येतो, त्याचं कौतुक होतं. मागचं म्हणजे खरकटं काढणं, झाकपाक, ओटा पुसणं, भांडी विसळून पालथी घालणं, उरलेलं लहान डब्यात काढणं, रात्री गॅसचं बटण बंद आहे ना ते बघणं. त्याला वास नाही, चव नाही, आणि ते नीट झालं तर झाल्याचं कळतही नाही.

आम्हा फौजींना खरं तर हा शब्द लगेच समजायला हवा. पलटण एका ठिकाणाहून दुसरीकडे हलते तेव्हा आधी ॲडव्हान्स पार्टी जाते, मग मुख्य पलटण, आणि सगळ्यात शेवटी रिअर पार्टी. रिअर पार्टी बराकी झाडते, सामान मोजून देते, तुटलं-फुटलं त्याचा हिशोब देते आणि मगच गाडीत बसते. कॅम्प मोडताना खड्डे बुजवले जातात आणि जिथे शौचखड्डे होते तिथे 'फाउल ग्राउंड' अशी पाटी लावली जाते, म्हणजे नंतर येणारा तिथे तंबू ठोकणार नाही. आपल्यामागून येणाऱ्याला आपल्या घाणीचा त्रास होऊ नये, एवढा साधा नियम. तो मी हाताखालच्या मुलांना शिकवला आहे, त्यावरून त्यांना झापलंही आहे. स्वतःच्या घरातल्या ओट्याशी मात्र माझी मुख्य पलटण जेवून निघून जायची आणि रिअर पार्टी म्हणून बायको मागे राहायची. एकटीची रिअर पार्टी, न नेमलेली.

हे आंधळेपण आलं कुठून, याचा मी बराच विचार केला. खडकवासल्याला अकादमीत आम्हाला स्वच्छता शिकवली नाही असं कोण म्हणेल? बूट आरशासारखे, पलंगाची चादर पट्टी लावल्यासारखी, केबिनमधल्या कपाटात धुळीचा कण सापडला तर शिक्षा. पण कॅडेट्स मेसमध्ये दोन हजारांच्या आसपास पोरं एका वेळी जेवायला बसायची आणि जेवण झालं की उठायची. ताटं कुठे गेली, कुणी घासली, हा प्रश्न तीन वर्षांत एकदाही पडला नाही. पुढे ऑफिसर्स मेसमध्ये तेच. तिथे भांडी घासणाऱ्या माणसाचं पद आहे 'मसालची'. मला वर्षानुवर्षं वाटायचं की त्याचा संबंध मसाल्याशी असणार. तो शब्द मुळात मशालची. आपल्याकडे पेशवाईत मशालजी असायचे, तेच हे. रात्री मशाल धरून पुढे चालणारा माणूस पुढे साहेबांच्या घरात भांडी घासायला लागला आणि शब्दही त्याच्याबरोबर मोरीत गेला. उजेड दाखवणारा माणूस आपण मागच्या दाराला नेऊन बसवला.

मला उजेड दाखवणारा माणूस मात्र एका लंगरमध्येच भेटला. मी कॅप्टन होतो. लडाखमध्ये साधारण साडेचार हजार मीटरवर आमची एक चौकी होती. तिथे पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. थंडीत पाणी म्हणजे बर्फ वितळवून मिळेल तेवढं. आमचे कुक गढवालचे एक हवालदार होते, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. रॉकेलच्या स्टोव्हवर वीस जणांचा स्वयंपाक करायचे, आणि शेवटची रोटी तव्यावर असायची तेव्हा त्यांच्यासमोर एक तवा आणि एक चिमटा सोडून काहीही मळकं नसायचं. डाळ वाढून झाली की पातेलं गरम असतानाच पुसून काढायचे, त्यात वाटीभर गरम पाणी फिरवायचे, संपलं.

मी एकदा म्हणालो, "उस्ताद, पहले खा तो लो." ते म्हणाले, "साब, अभी पोंछा तो एक कपड़ा. आधे घंटे बाद पोंछा तो एक लीटर तेल." खरंच होतं. पातेल्यात राहिलेली डाळ अर्ध्या तासात दगड व्हायची. ती सोडवायला बर्फ वितळवा, पाणी तापवा, आणि त्यासाठी लागणारं रॉकेल खालून माणसांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून यायचं. त्यांचं आणखी एक वाक्य होतं: "खाना तो कोई भी बना लेता है साब, लंगर बंद करना सीखने में टाइम लगता है."

पुढे राजस्थानात वाळवंटाच्या कडेला होतो. तिथल्या गावांत बायका कोरड्या वाळूने आणि राखेने भांडी घासताना पाहिल्या, पाणी फक्त शेवटच्या हातापुरतं. आसामात पावसाळ्यात उलट तऱ्हा. पाणी हवं तेवढं, पण हवाच इतकी ओली की रात्री ओट्यावर साखरेचे चार दाणे राहिले तर सकाळी मुंग्यांचा अख्खा ताफा. हवा कुठलीही असो, त्याच वेळी आवरलं तर काम थोडं आणि मागे ठेवलं तर काम वाढतं, हे सगळीकडे सारखंच. मी ते सगळीकडे पाहिलं. शिकलो मात्र कुठेच नाही, कारण फडकं माझ्या हातात नव्हतं.

ते हातात आलं दिल्लीत. बायकोची शाळा आणि लेकीची दहावी, म्हणून कुटुंब पुण्यात आणि मी इथे एकटा, दोन खोल्यांत. ऑफिसातून सुटायला उशीर होतो, मेस लांब, म्हणून रात्रीचं जेवण स्वतः करायला लागलो. पहिल्या आठवड्यात पिठलं केलं आणि कढई सकाळवर टाकली. वाळलेलं बेसन कसं असतं हे ज्यांनी कधी घासलं असेल त्यांना सांगायला नको. मे महिन्यातल्या दिल्लीच्या उन्हाळ्यात सिंकमध्ये रात्रभर राहिलेल्या खरकट्याचा वास सकाळी दारापर्यंत यायचा. झुरळं झाली. एका रविवारी मी सहज भांडी मोजली. एका माणसाच्या जेवणाला अकरा भांडी! त्या दिवशी मी ती सगळी स्वतः घासली, कंबर धरली, आणि मला साडेबाराची ती पाठमोरी बायको आठवली. आमच्या मटणाच्या रविवारी किती भांडी पडली असतील? चाळीस तरी.

तेव्हापासून माझी एक ठाम धारणा झाली आहे, आणि ती सांगायलाच हा लेख आहे. जो स्वयंपाक करतो त्यानेच मागचं आवरावं, आणि ते मागाहून नव्हे, स्वयंपाक चालू असतानाच आवरत जावं. हे कौशल्य आहे. ते शिकता येतं, आणि ते येत नसेल तर 'मला स्वयंपाक येतो' असं म्हणू नये.

माझी पद्धत सांगतो. घरच्या बायकांना यात नवं काहीच नाही. हे माझ्यासारख्या पुरुषांसाठी आहे.

रिकाम्या सिंकने सुरुवात करायची. सकाळची भांडी जागेवर लावल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. मग सगळी चिराचिरी आधी, साहित्य हाताशी मांडून. फ्रेंच स्वयंपाकघरात याला 'मीज आं प्लास' म्हणतात, म्हणजे प्रत्येक गोष्ट आपल्या जागी. ओगुस्त एस्कोफिए (१८४६ ते १९३५) हा फ्रेंच आचारी १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैन्यात स्वयंपाक करत होता. पुढे मोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यात त्याने जी कामाची विभागणी बसवली तिला नावच 'ब्रिगेड'. आपल्या धंद्यातला माणूस!

सालं, देठं, कांद्याची टरफलं यांच्यासाठी ओट्यावर एक जुनं पातेलं ठेवायचं, म्हणजे ती सिंकमध्ये जात नाहीत. मिसळणाचा डबा एकदा उघडायचा आणि फोडणी झाली की लगेच जागेवर. कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. त्यात विळी, सुरी, परात धुऊन होते. मिक्सरचं भांडं पाणी घालून एकदा फिरवायचं आणि ते पाणी रश्शात ओतायचं. वाटणही वाया जात नाही आणि भांडंही अर्धं धुतलं जातं. ही युक्ती माझ्या आईची. मी ती बेचाळिसाव्या वर्षी फोनवर विचारून घेतली.

कच्च्या मटणाची पाटी आणि सुरी ही एकच गोष्ट अशी की तिथे थांबायचंच नाही. कोथिंबीर-काकडी चिरण्याआधी ती साबणाने धुतलीच पाहिजेत, आणि हातही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं सांगितली, त्यात स्वच्छता पहिलं आणि कच्चं-शिजलेलं वेगळं ठेवणं दुसरं. शिजवलेलं उरलं तर दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये. लंगरमध्ये पोटाची साथ आली तर अख्खी कंपनी आडवी होते, म्हणून तिथे आम्ही कुकची नखं तपासतो. घरी लेकीचं पोट बिघडलं तर 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून मोकळे होतो.

तेलकट कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसायची, मग घासायची. फील्डमध्ये लंगरच्या सांडपाण्याला आपण ग्रीस ट्रॅप करतो, चरबी जमिनीत मुरून खड्डा बंद पडू नये म्हणून. घरच्या पाइपाचंही तेच. हातपुसणं वेगळं, ओट्याचं फडकं वेगळं, आणि रात्री ते उकळत्या पाण्यातून काढून पिळून वाळत. ओलं, वास मारणारं फडकं ओट्यावर फिरवण्यापेक्षा न पुसलेलं बरं.

एक सावधगिरी. कांदा लाल होत असताना आणि फोडणीच्या वेळी भांड्यांकडे वळायचं नाही. ओले हात आणि गरम तेल यांचं जमत नाही. उत्साहात मी एकदा हा धडा मनगटावर घेतला आहे.

महिनाभरात माझी अकरा भांडी पाचावर आली. घासायची आपल्यालाच आहेत हे कळलं की माणूस चमचाही विचार करून काढतो.

यावर मित्रांचे आक्षेप येतात. "आमच्याकडे बाई आहे." असू दे. बाईंनाही चार घरं करून स्वतःच्या घरी जाऊन पुन्हा भांडीच घासायची असतात. करपलेली कढई त्यांच्यासाठी राखून ठेवणं हा काही आपला हक्क नव्हे. "आमच्यात एक रांधतो, दुसरा घासतो." हा करार वाईट नाही, पण रांधणाऱ्याला पसाऱ्याची किंमत मोजावी लागत नसली तर तो चाळीस भांडी काढतो. मी काढलीच होती. "साहेब, तुमच्यामागे पंचवीस वर्षं माणसं होती, आता प्रवचन देताय." हा आक्षेप मात्र शंभर टक्के खरा आहे. म्हणूनच लिहितोय.

आणि हा प्रश्न एका ओट्याचा नाही. सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात निघालं. मुळात असं काम करणाऱ्यांत बायका ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के. फौजीच्या घरात यात आणखी एक भर असते. नवरा वर्षानुवर्षं बाहेर असतो, तेव्हा पुढचंही तीच करते आणि मागचंही तीच. मग तो सुट्टीवर येतो, हौसेने एक रविवार मटण करतो आणि तिचं मागचं दुप्पट करून जातो.

म्हणून निवृत्त मंडळींना माझी विनंती आहे. आपले जवान चाळिशीच्या आसपास घरी येतात, अधिकारी पन्नाशीत. घरी आल्यावर बरेच जण हौसेने स्वयंपाकाला लागतात. छान आहे. पण तिच्यावर उपकार म्हणून नुसती पळी हातात घेऊ नका, घासणीही घ्या. आणि माझी दुसरी चूकही करू नका. दिल्लीत हे सगळं शिकून मी मागच्या दिवाळीला घरी गेलो आणि पहिल्याच सकाळी बायकोच्या ओट्याचं इन्स्पेक्शन सुरू केलं. हा डबा इथे का, हे फडकं ओलं का. लेक डायनिंग टेबलावरून म्हणाली, "बाबा, इथे फॉल-इन करायचंय का?" बायको काही बोलली नाही, तिने फक्त फडकं माझ्या हातात दिलं. हा नियम स्वतःला लावायचा असतो. दुसऱ्याला लावला की ती नुसती हुकूमत होते, आणि तिची हौस आमची ऑफिसात पुरेशी भागते.

गावी आई रात्री खरकटं ठेवू द्यायची नाही. लक्ष्मी येत नाही म्हणायची. चूल सारवून, भांडी पालथी घालून सगळ्यात शेवटी झोपायची आणि सगळ्यात आधी उठायची. आता तिच्याने खाली बसवत नाही. गुडघे गेलेत. त्या गुडघ्यांत आमच्या किती जेवणांचं मागचं आहे, याचा हिशोब मी आता कुठे मांडायला लागलोय, आणि तो फिटणारा नाही. बायकोचा अजून फेडता येईल.

गेल्या महिन्यात चार दिवसांची रजा मिळाली. रविवारी विचारलं, "मटण करू?" तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कर." तिन्ही प्रकार केले. पाहुणे साडेदहाला गेले. ती चहाचा कप घेऊन गॅलरीत जाऊन बसली, मी आवरत राहिलो. बरंचसं आधीच आवरलेलं होतं, वीस मिनिटांत झालं. अकराला ती आत आली. सिंक पाहिलं, ओट्यावरून हात फिरवला, शेगडीखाली वाकून बघितलं. आजवर इतक्या इन्स्पेक्शन झाल्या, पण एवढी धाकधूक कधी झाली नव्हती.

"शेगडीमागची भिंत राहिली," ती म्हणाली.

राहिलीच होती. पुसली.

जय हिंद.